बॅट प्रत्येकाच्या हातात, हेल्मेट प्रत्येकाच्या डोक्यावर

एप्रिल उजाडला की बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या गावागावांत जयंतीच्या तयारीबरोबर चषकाच्या सामन्यांचीही तयारी सुरू होते. लासुर्णे, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी, कुठेही जा. ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या रानात रोलर फिरतो, मंडप पडतो, स्पीकर लागतो, टेबलावर ट्रॉफ्या मांडल्या जातात. एक वस्तू मात्र मैदानावर सहसा दिसत नाही. ती म्हणजे फलंदाजाचे हेल्मेट.

आरोग्याच्या पानावर फलंदाजीचे काय काम, असे काही वाचक विचारतील. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सुजलेले बोट, फुटलेला ओठ, भुवईवरची खोक घेऊन येणारी मुले आम्ही परिचारिका म्हणून वर्षानुवर्षे पाहिली. त्यातल्या बहुतेकांना बॅट कशी धरावी, चेंडू कसा पाहावा, अंगावर आलेला चेंडू कसा चुकवावा हे कुणी शिकवलेलेच नव्हते. आणि अशीही मुले पाहिली की ज्यांना काहीच लागले नाही, कारण त्यांच्या हातात बॅट कधी आलीच नाही. ती बाभळीत गेलेला चेंडू आणायला उभी होती. आमच्या मते हे दोन्ही प्रश्न आरोग्याचेच आहेत आणि दोन्हींवर उपाय एकच आहे : प्रत्येक मुलाला, प्रत्येक मुलीला फलंदाजी नीट शिकवणे.

या वेळी आम्ही मुद्दाम बेसबॉल आणि सॉफ्टबॉलविषयी लिहीत आहोत. क्रिकेट सगळ्यांना ठाऊक आहे. पण शालेय स्पर्धांमध्ये हे दोन खेळही आहेत, मुलींसाठीही आहेत आणि आपल्या भागाला ते परके राहिलेले नाहीत. बारामतीच्या रेश्मा पुणेकर भारताच्या महिला बेसबॉल संघात खेळल्या. ज्या मुलीला गावच्या क्रिकेटमध्ये कुणी घेत नाही, तिला शाळेच्या सॉफ्टबॉल संघात जागा मिळू शकते. मात्र आपली मुले या खेळात टेनिसच्या चेंडूवरची सवय घेऊन उतरतात. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमच्याही आत असतो. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे अडीच पट जड आणि कठीण. सॉफ्टबॉल नावाने मऊ असला तरी स्पर्धेतला १२ इंच घेराचा चेंडू बेसबॉलपेक्षाही जड असतो. सवय मऊ चेंडूची आणि गाठ कठीण चेंडूशी, यातूनच बऱ्याच दुखापती होतात.

बॅट कुणाच्या हाती

ज्याची बॅट त्याची फलंदाजी, हा गल्लीतला नियम. पण हा नियम गल्लीत जन्मलेला नाही. पुण्यातच त्याचा जुना दाखला आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले, आपल्या देशाचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ते पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबमध्ये खेळपट्टी झाडायचे, जाळी बांधायचे आणि साहेबांना तासन् तास गोलंदाजी टाकायचे. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे की, शेकडो तास गोलंदाजी करणाऱ्या बाळूंना तिथे फलंदाजी मात्र कधी मिळाली नाही. घाम गाळणे त्यांच्याकडे, बॅट साहेबांकडे. हिंदूंच्या संघात आल्यावर खेळायला बोलावले, पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर याच बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले.

पुढे राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांनी त्यांना हरवले, हे आपल्या वाचकांना माहीत आहे. म्हणून मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय लहान होत नाही. आणि त्यांच्या घरातलीच पुढची गोष्ट आपण मुलांना आवर्जून सांगायला हवी. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्या हातात बॅट आली. ते त्या काळातले नावाजलेले फलंदाज झाले, झगडून हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि १९२३ साली त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने मुंबईची चौरंगी स्पर्धा जिंकली. एकाच घरातले दोन भाऊ. एकाला बॅट नाकारली, दुसऱ्याने ती मिळवली. फरक रक्तात नव्हता, संधीत होता.

बेसबॉलच्या देशातही हेच घडले. अमेरिकेच्या मोठ्या साखळीत काळ्या खेळाडूंना अनेक दशके बंदी होती. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांनी ती तोडली. त्यांच्यानंतर आलेले हँक आरन हे अलाबामातल्या गरीब घरातले. लहानपणी बॅट-चेंडू परवडत नव्हते, तेव्हा ते काठीने बाटल्यांची झाकणे मारून सराव करीत. शिकवायला कुणी नव्हते, म्हणून हात उलटे धरीत. खाली असायचा तो हात वर आणि वरचा खाली. व्यावसायिक खेळात आल्यावर त्यांची पकड बदलली गेली. १९७४ च्या एप्रिलमध्ये याच आरन यांनी बेब रूथ यांचा ७१४ होमरनांचा विक्रम मागे टाकला. विक्रम जवळ येत होता तेव्हा त्यांना धमक्यांची पत्रे येत होती. मुलात गुण असला तरी पकड कुणीतरी दाखवावी लागते. आपल्या वस्तीत ती दाखवणारा माणूस उभा करणे हे आपले काम आहे.

आधी डोळे

फलंदाजीचा पहिला अवयव हात नव्हे, डोळा. बेसबॉलमध्ये पिचर १८.४४ मीटरवरून चेंडू फेकतो. चेंडू क्रिकेटसारखा टप्पा घेत नाही, थेट येतो. ताशी शंभर किलोमीटर वेगाचा चेंडू साधारण ०.६६ सेकंदात फलंदाजापाशी पोचतो. तेवढ्यात चेंडू दिसला पाहिजे, मनाने ठरवले पाहिजे आणि अंग हलले पाहिजे.

आमच्या पाहण्यात एक मुलगी होती. पळण्यात सगळ्यांत पुढे, पण बॅट फिरवली की चेंडू हमखास चुकायचा. सगळे तिला हसत आणि शेवटी तिला चेंडू गोळा करायला उभे करीत. तपासणीत कळले की तिला फळ्यावरचेही नीट दिसत नव्हते. चष्मा लागला आणि तिचा चेंडूही बॅटला लागू लागला. अशा कितीतरी मुलांना आपण 'याला खेळ जमत नाही' म्हणून बाजूला काढले असेल! म्हणून चेंडू वारंवार चुकवणाऱ्या मुलाला हसण्याआधी त्याचे डोळे तपासा. शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, ते दृष्टीही पाहते. पथक केव्हा येणार हे मुख्याध्यापकांना विचारा. सरकारी रुग्णालयातही डोळे तपासून मिळतात. चष्मा असलेल्या मुलाने खेळताना काचेचा चष्मा वापरू नये. न फुटणारी प्लास्टिकची भिंगे आणि मागून पट्टा असावा.

आता पाहण्याची रीत. उभे राहताना चेहरा पिचरकडे पूर्ण वळलेला हवा, म्हणजे दोन्ही डोळ्यांना चेंडू दिसतो. हनुवटी पुढच्या खांद्यावर टेकवून एकाच डोळ्याने तिरके पाहणारी मुले अंतर चुकतात. नजर पिचरच्या तोंडावर नको, त्याच्या हातातून चेंडू जिथून सुटतो तिथे हवी. बॅट फिरवतानाही डोके स्थिर ठेवावे. डोके उडाले की नजर उडते आणि नजर उडाली की बॅट हवेत फिरते.

पाय, कंबर, हात

पाय खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त अंतरावर, गुडघे किंचित वाकलेले, वजन टाचांवर नको, चवड्यांवर. पाण्याची कळशी उचलताना आपण जसे आधी पाय रोवतो तसे. क्रिकेटची बॅट खाली टेकलेली असते, बेसबॉलची मागच्या खांद्याजवळ उभी धरायची. कोपरे सैल ठेवावीत.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात खाली, बॅटच्या गोळ्याजवळ. उजवा त्याच्या लगेच वर, दोन्ही हात एकमेकांना चिकटलेले. डावखुऱ्याचे याच्या उलट. बॅट तळहातात खोल कोंबू नये, बोटांच्या मुळाशी धरावी. दार ठोठावताना जी पेरे दारावर आपटतात, ती दोन्ही हातांची पेरे साधारण एका रेषेत आली की पकड बरोबर. उलटी पकड दिसली तर पहिल्याच दिवशी बदला. तसे खेळताना मनगट पिळले जाते आणि दुखणे मागे लागते. पकड करकचून आवळू नये. हात आवळला की खांदा आवळतो, बॅट सावकाश फिरते आणि तळहाताला फोड येतात ते वेगळेच.

चेंडू सुटताना पुढचा पाय छोटेसे पाऊल टाकतो, तेही हलके, पायाखाली अंडे असल्यासारखे. पाय टेकला की आधी कंबर फिरते, मग खांदे, शेवटी हात. ताकद जमिनीतून येते, दंडातून नव्हे. म्हणूनच बारीक अंगाची मुलगीही जोरदार फटका मारू शकते. कंबर न फिरवता नुसत्या हातांनी बॅट ओढली की पाठीवर आणि खांद्यावर ताण येतो. फटका मारल्यावर बॅट फेकायची नाही. खाली सोडायची आणि पळायचे. फेकलेली बॅट मागे बसलेल्या कॅचरला लागते.

बॅट मुलाच्या अंगाची हवी, थोरल्या भावाची नको. मुलाला एका हातात बॅट धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ करायला सांगा. २० सेकंदांच्या आत हात थरथरू लागला तर ती बॅट त्याला जड आहे. जड बॅट हे आपल्याकडच्या चुकीच्या फटक्यांचे मोठे कारण आहे.

सरावाला पैसा लागतो ही समजूत आम्ही खोडून काढू इच्छितो. ठिबक आणि पाइपलाइनच्या या मुलुखात पीव्हीसी पाइपचे तुकडे शेताच्या बांधावर पडलेले असतात. मुलाच्या कमरेएवढा तुकडा वाळूच्या बादलीत रोवा, वर रबरी नळीचा छोटा तुकडा बसवा आणि त्यावर चेंडू ठेवा. ठेवलेल्या चेंडूवर फटका मारण्याचा हा सराव जगभर मोठे खेळाडूही करतात. जुन्या पायमोज्यात चिंध्या भरून चेंडू शिवला तर अंगणात काच फुटत नाही आणि भाऊ-बहिणीचे डोकेही. एका वेळी ४०-५० नीट फटके पुरेत. बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हाडांची टोके अजून वाढीची, मऊ असतात. रोज दोनशे फटके मारायला लावून मनगट-कोपर दुखवणे ही मेहनत नव्हे. दुखत असेल तर थांबायचे आणि आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती घ्यायची.

सोडलेला चेंडूही कामाचा

आपल्या मुलांना प्रत्येक चेंडूवर बॅट फिरवायची घाई असते. ते साहजिक आहे. ज्याला पाच दिवसांतून एकदा फलंदाजी मिळते, तो आलेला चेंडू सोडील कशाला? बेसबॉलमध्ये मात्र सोडणे हे कौशल्य आहे. होम प्लेटच्या वरून, साधारण छातीच्या खालपासून गुडघ्यापर्यंत येणारा चेंडू आपला. बाहेरचा चार वेळा सोडला की न पळता पहिला बेस मिळतो. हा धीर हवा असेल तर मुलांना फलंदाजीची पाळी नेमाने मिळाली पाहिजे. पुन्हा पाळी येणार आहे ही खात्री असलेले मूलच वाईट चेंडू सोडते.

अंगावर आलेला चेंडू

हा धडा पहिल्या दिवशी शिकवावा, तोही मऊ चेंडूने. चेंडू अंगावर आला की मुले घाबरून पिचरकडे छाती उघडतात किंवा मागे वाकून तोंड वर करतात. दोन्ही धोक्याचे. पुढचा खांदा आत वळवायचा, हनुवटी छातीशी, तोंड कॅचरच्या बाजूला, बॅट खाली आणि पाठ चेंडूला द्यायची. पाठीचा मांसल भाग मार सोसतो; तोंड, डोळा, छाती सोसत नाही. बॅट आडवी धरून चेंडू नुसता अडवायचा असेल, ज्याला बंट म्हणतात, तेव्हा वरच्या हाताची बोटे बॅटच्या मागे ठेवावीत. पुढून मूठ वळली की चेंडू आणि बॅट यांच्यामध्ये बोट चिरडते.

आणि हेल्मेट. १९२० साली न्यूयॉर्कमध्ये रे चॅपमन या फलंदाजाच्या डोक्याला पिचरचा चेंडू लागला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. तरी अमेरिकेच्या मोठ्या साखळीत हेल्मेट सक्तीचे व्हायला १९७१ उजाडले. आपले कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांची १९६२ मध्ये बार्बाडोसला कवटी फुटली. जीव वाचला, पण कसोटी क्रिकेट संपले. रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्यात हेल्मेटशिवाय फलंदाजाच्या जवळ उभे होते. डोक्याला चेंडू लागून गेले. ही मोठ्या मैदानावरची नावे आहेत म्हणून नोंदली गेली. बेसबॉलचे हेल्मेट दोन्ही कान झाकणारे असते. मोटारसायकलचे हेल्मेट त्याजागी चालत नाही; ते जड असते आणि बाजूचे दिसू देत नाही.

लागलेच तर

डोक्याला मार बसला की त्या दिवशी खेळ बंद, मूल कितीही 'मी बरा आहे' म्हणाले तरी. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बडबड, झटका, कान-नाकातून रक्त किंवा पाणी, यातले एकही लक्षण दिसले तर वेळ न घालवता इंदापूर किंवा बारामतीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या.

छातीवर चेंडू बसून मूल कोसळले आणि श्वास घेत नसेल तर त्याचे हृदय थांबलेले असू शकते. तोंडावर पाणी मारत, कांदा हुंगवत बसू नका. एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध तळहाताने जोरात आणि भराभर, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचे नाही.

डोळ्याला लागले तर चोळू नये, दाबू नये, काही घालू नये. वर कागदी कप ठेवून न दाबता झाकावा आणि दवाखाना गाठावा. सुजलेले बोट ओढून 'बसवू' नये. आत हाड मोडलेले असू शकते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावावा आणि क्ष-किरण तपासणी करावी. पक्का दात मुळासकट पडला तर मुळाला हात न लावता तो दुधात ठेवा आणि तासाभरात दंतवैद्याकडे जा. दात पुन्हा बसू शकतो.

एप्रिल-मेमध्ये दुपारी ११ ते ४ सामने ठेवू नयेत. पाण्याबरोबर ओआरएस किंवा मीठ-साखरेचे पाणी हवे. मुलींना शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घेऊ द्या. रक्त कमी असलेली मुलगी दोन बेस पळून धापा टाकते आणि आपण तिला आळशी म्हणतो.

आमचे म्हणणे

'आम्ही बिनहेल्मेटचे खेळलो, आम्हाला काय झाले?' असे तरुण मित्र म्हणतात. ज्यांना झाले ते हे सांगायला मैदानावर उरले नाहीत, घरी बसले. 'खेळापेक्षा अभ्यास बरा' असे आया-बाप म्हणतात. अभ्यास हवाच, तो सोडून खेळा असे आम्ही कधीच म्हणणार नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे हे खरे, पण त्या आशेवर मुलाला मैदानात ढकलू नका. ते मोजक्यांनाच मिळते. खेळ हवा तो घट्ट हाडांसाठी, चांगल्या झोपेसाठी, तंबाखू-गुटख्यापासून दूर राहण्यासाठी आणि 'बॅट माझ्याही हातात येते' हे कळण्यासाठी.

बारामतीच्या मोठ्या स्टेडियमला बाबासाहेबांचे नाव आहे, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण त्या नावाचा मान आपल्या विहारापुढच्या पटांगणातही राखला गेला पाहिजे. म्हणून जयंती मंडळांना आमची विनंती आहे. डीजेचा एक तास कमी करा आणि त्या पैशातून दोन हेल्मेट घ्या. ती मंडळाच्या नावावर ठेवा, कुणा एकाच्या घरी नको. फलंदाजीची पाळी वहीत नाव लिहून ठरवा. मुलगा, मुलगी, बॅटचा मालक आणि चेंडू आणणारा, सगळ्यांची नावे एकाच यादीत. आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला किंवा आशाताईंना बोलावून पाच जणांना छाती दाबण्याचा सराव द्या. सामन्याआधी सगळ्या मुलांचे डोळे तपासून घ्या. एवढे झाले नाही तर या वर्षी ट्रॉफी थोडी लहान आणा, पण हेल्मेटशिवाय कठीण चेंडूचा सामना ठेवू नका.